पाण्यातून वर आलेले इंजिन

मागच्या वेळी आपण रेल्वेच्या जुन्या पुलांविषयी बोललो, आणि व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली. त्यांचं म्हणणं असं, की अपघात झाला की माणसांचं काय झालं ते कळतं, चौकशीत कोण दोषी ठरलं तेही कळतं. पण त्या इंजिनाचं पुढे काय होतं, हे कुणी सांगत नाही. आम्ही चिठ्ठी वाचून जरा हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू गेलं, कारण प्रश्न अगदी आमच्या विषयातला निघाला. तेव्हा आज एकाच इंजिनाची गोष्ट सांगतो. नंबर २२४.

स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचं शहर आहे. त्याच्या अलीकडे टे नदीचं रुंद मुख. त्यावर सर टॉमस बाउच या इंजिनिअरने जवळजवळ दोन मैल लांबीचा पूल बांधला. १८७८ च्या जूनमध्ये तो वाहतुकीला खुला झाला, तेव्हा जगातला सर्वांत लांब पूल म्हणून त्याचं कौतुक झालं. पुढल्या वर्षी व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि बाउचला 'सर' ही पदवी मिळाली. १८७९ च्या २८ डिसेंबरला, रविवारी, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास भयंकर वादळात पुलाचा मधला उंच भाग कोसळला. तेरा गाळे गेले, आणि त्यांवर असलेली गाडीही गेली. एकही माणूस वाचला नाही. मृतांचा आकडा बरीच वर्षं ७५ सांगत असत. अलीकडे नावानिशी शोध घेतला तेव्हा ५९ जण निश्चित करता आले. त्या रात्री डंडीच्या बाजूने एक रेल्वेवाला अंधारात, वाऱ्यात, पुलावर अक्षरशः रांगत गेला. पुढे पुलावरचा पाण्याचा नळ तुटून धार खाली पडत होती. त्यापुढे पूलच नव्हता.

इंजिन होतं उत्तर ब्रिटिश रेल्वेचं, ग्लासगोच्या काउलेअर्स वर्कशॉपात १८७१ मध्ये बांधलेलं. टॉमस व्हीटलीचं डिझाइन. पुढे चार लहान चाकं, मागे चार मोठी, आणि सिलिंडर आतल्या बाजूला. पुढे पन्नासेक वर्षं ब्रिटनमध्ये ज्या घडणीची इंजिनं शेकड्यांनी धावली, तिचा हा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे त्या संध्याकाळी या गाडीला हे इंजिन लागायचंच नव्हतं. नेहमीचं छोटं इंजिन नादुरुस्त होतं, म्हणून २२४ जोडलं. ड्रायव्हर डेव्हिड मिचेल, फायरमन जॉन मार्शल.

आता मुद्द्याचं. चौकशी सुरू झाली तेव्हा बाउचच्या बाजूने मांडणी अशी झाली, की पूल आपणहून पडला नाही. आधी गाडी रुळावरून घसरली. इंजिनामागे पाच डबे आणि शेवटी गार्डाची व्हॅन होती. त्यातला शेवटचा दुसऱ्या वर्गाचा डबा हलका. तो आणि व्हॅन वाऱ्याने रुळावरून उडाली, गर्डरवर आदळली, आणि त्या धक्क्याने पूल गेला. म्हणजे बघा, प्रश्न नुसता क्रमाचा आहे. आधी घसरण की आधी कोसळणं? एका माणसाची सगळी कीर्ती त्या 'आधी'वर टांगलेली होती. मागे सिग्नलच्या केबिनमधून चाकांपाशी ठिणग्या उडताना दिसल्या होत्या, मग एक झगझगाट आणि अंधार. ठिणग्या दोन्ही बाजूंनी वापरता येतात. डबे घसरत होते असंही म्हणता येतं, किंवा वाऱ्याच्या रेट्याने चाकांची कड रुळाला घासत होती असंही.

साक्षीदार कोणी उरला नव्हता. उरलं होतं इंजिन, आणि तेही नदीच्या तळाशी. ते पडलं उंच गर्डरांच्या आत, पिंजऱ्यात पडावं तसं, त्यामुळे फारसं मोडलंच नाही. तपासणीत दिसलं, की वाफेचा रेग्युलेटर उघडा होता आणि ब्रेक लावलेला नव्हता. म्हणजे मिचेलला शेवटच्या क्षणापर्यंत मागे काही वावगं घडतंय याची जाणीव झाली नसावी. आम्ही 'नसावी' म्हणतो, कारण एवढ्यावरून बाउचचं म्हणणं पूर्ण खोटं ठरत नाही. सगळं दोनचार सेकंदांत झालं असेल तर हात ब्रेककडे जाणार कधी? तर्काच्या तासाला आम्ही हे उदाहरण देत असू. हातांनी कृती केली नाही, एवढंच लोखंड सांगू शकतं. का केली नाही, हे ते सांगत नाही.

बाउचला बुडवलं ते खांबांनी. ओतीव लोखंडाच्या खांबांना तिरके ताण बांधण्यासाठी ज्या कानपट्ट्या होत्या, त्या फाटल्या होत्या. ओतकामातली भोकं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लुकणाने बुजवून रंगवून टाकली होती. देखरेखीला नेमलेला हेन्री नोबल मूळचा गवंडीकामातला माणूस. ताण खडखडतात हे त्याला ऐकू आलं, तेव्हा त्याने लोखंडाचे तुकडे ठोकून ते आवळले आणि बाउचला कळवलंच नाही. आपल्याकडे खिळखिळ्या खाटेला पाचर मारतात ना, तसं. शिवाय वाऱ्याच्या दाबाचा हिशेब बाउचने वेगळा असा धरलाच नव्हता. चौकशीचे अध्यक्ष हेन्री रॉदरी यांनी पूल वाईट रचलेला, वाईट बांधलेला आणि वाईट राखलेला होता, असा निर्वाळा दिला. १८८० च्या ऑक्टोबरमध्ये बाउच वारला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंजिन वर आलं होतं. दोनदा उचलताना निसटून पुन्हा तळाशी गेलं, तिसऱ्यांदा निघालं. काउलेअर्सला नेलं, दुरुस्त केलं आणि कामाला लावलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'द डायव्हर', पाणबुड्या. १८८५ मध्ये त्यावर एक प्रयोगही केला, तीच वाफ दोनदा वापरण्याचा. दोन वर्षांत तो गुंडाळला. १८८७ मध्ये शेजारी नवा पूल उभा राहिला. त्यात जुन्या पुलाच्या न पडलेल्या भागातले गर्डर पुन्हा वापरले आहेत, आणि तो पूल आजही चालू आहे. बाजूला पाण्यात जुन्या खांबांचे बुंधे दिसतात.

ड्रायव्हर मंडळी मात्र २२४ घेऊन त्या पुलावर जायला तयार नसत. कित्येक वर्षं ते इंजिन बाकी सगळीकडे चाललं, टेवर नाही. अखेर १९०८ साली, २८ डिसेंबरलाच, ते रात्रीची गाडी घेऊन नव्या पुलावरून गेलं. काही झालं नाही. १९१९ मध्ये ते भंगारात निघालं.

इथे आमच्या मामांची आठवण येते. मामा परळच्या लोको वर्कशॉपात फिटर होते. लहानपणी आम्ही त्यांना विचारलं, "मामा, बॉयलर बदलला, चाकं बदलली, तर इंजिन तेच कसं?" मामा म्हणाले, "अरे, बॉयलर आज याचा उद्या त्याचा. नंबर राहतो तो फ्रेमचा." पुढे मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, की रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का, तेव्हा आम्हाला परळचे मामाच आठवले. नागसेनाचं उत्तर मामांपेक्षा खोल आहे, पण वर्कशॉपात त्याने काम भागत नाही. तिथे कुणाला तरी ठरवावं लागतं, दुरुस्त करायचं की तोडायचं.

आणि हे ठरतं कसं, तर हिशेबाने. १९५२ च्या ८ ऑक्टोबरला लंडनजवळ हॅरो इथे तीन गाड्या एकमेकींवर आदळल्या, ११२ माणसं गेली. तीन मोठी इंजिनं सापडली होती. 'सिटी ऑफ ग्लासगो' दुरुस्त होऊन पुन्हा धावलं. 'विंडवर्ड आयलंड्स' तोडलं. तिसरं 'प्रिन्सेस ॲन'. ते मूळचं टर्बाइनवर चालणारं, १९३५ चं. नुकतंच साध्या पद्धतीचं करून ऑगस्टमध्ये रुळावर आलं होतं. दोन महिनेही झाले नव्हते. तेही भंगारात गेलं, आणि त्याच्या जागी १९५४ मध्ये 'ड्यूक ऑफ ग्लॉस्टर' बांधलं. ते अजून जपून ठेवलेलं आहे.

न्यूझीलंडमध्ये टांगीवाईला १९५३ च्या नाताळच्या आदल्या रात्री ज्वालामुखीच्या सरोवराचं पाणी फुटून आलं आणि नदीवरचा पूल खचला. २८५ पैकी १५१ जण गेले. तिथल्या ड्रायव्हरने, चार्ल्स पार्करने, ब्रेक लावले होते. मागचे डबे काठावर राहिले ते त्यामुळे. तो स्वतः वाचला नाही. त्याचं इंजिन, 'केए ९४९', नदीतून काढून दुरुस्त केलं आणि १९६६ पर्यंत वापरलं.

कुणी म्हणेल, एवढी माणसं गेली आणि तेच इंजिन पुन्हा गाडीला जोडायचं? आम्हालाही पूर्वी ते निर्दय वाटे. आता तसं वाटत नाही. २२४ कडून काहीच चूक झाली नव्हती. त्याला शिक्षा म्हणून तोडणं म्हणजे दोषाचा एक वाटा लोखंडावर ढकलणं झालं असतं, आणि दोषाचे धनी तर कागदावर, नावानिशी होते. पण पुलावर न जाणारे ते ड्रायव्हरही आम्हाला अंधश्रद्ध वाटत नाहीत. त्या फुटप्लेटवर मिचेल आणि मार्शल उभे होते, हे कंपनीच्या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. ते या लोकांनी एकोणतीस वर्षं लक्षात ठेवलं.

वेळ झाली. पुढच्या खेपेला भोर घाटाकडे येऊ. तिथे उतारावर निसटलेली गाडी चढावर वळवून अडवण्यासाठी वेगळे रूळ टाकलेले आहेत, कॅच साइडिंग. लोणावळा-कर्जत प्रवासात खिडकीतून ते दिसतात. जाणाऱ्यांनी बघून यावं.