उंच चालक आणि जुनी टूरिंग मोटार

पुण्याहून भूगांव, पिरंगुट, पौड या मार्गें मुळशीच्या जलाशयाकडे जाणारा रस्ता चढउताराचा आहे. टाटांच्या ज्या धरणाविरुद्ध सन १९२१ मध्यें सेनापति बापटांनीं सत्याग्रह लढविला, त्याच काळांतली एखादी कापडी टपाची टूरिंग मोटार या रस्त्यानें न्यावयाची असेल आणि चालक सहा फुटांहून उंच असेल, तर गाडीची निवड नुसत्या हौसेची बाब राहत नाहीं. पिरंगुटच्या घाटांत पाय ब्रेकवर नेतांना गुडघा स्टिअरिंगच्या चाकाला अडला, तर क्षणाचा विलंबहि महागांत पडावयाचा.

डोक्याची अडचण या गाड्यांत क्वचितच होते. टप उतरला कीं वर आकाशच. समोरच्या दुभागलेल्या कांचेची आडवी पट्टी कधीं नेमकी नजरेसमोर येते, एवढी कुरकुर मात्र खरी. खरा प्रश्न पायांचा.

मग लांबलचक गाडी घ्यावी, असें कोणासहि वाटेल. आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. मोठ्या मोटारींची लांबी बहुधा मागच्या बैठकीवर खर्च होई. धनी मागें ऐसपैस बसे. पुढच्या पगारी शोफरच्या गुडघ्यांची चौकशी कोण करतो! रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट'चा तर कारखान्यांतून केवळ सांगाडा निघे आणि वरची बांधणी निराळे कारागीर गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणें करीत. त्यामुळें एकाच नांवाच्या दोन गाड्यांत पुढची जागा सारखी असेलच, असें नाहीं.

फोर्डची 'मॉडेल टी' मात्र मालकानेंच हांकावी अशी होती. सन १९०८ ते १९२७ या काळांत तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. परंतु पुढच्यामागच्या चाकांमधलें अंतर अवघें १०० इंच. शिवाय १९२५ पर्यंतच्या टूरिंग गाडींत पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असल्यानें ती बैठक खालीं घेण्यास वाव नाहीं. पेट्रोल आपल्या वजनानेंच इंजिनाकडे वाही. म्हणून टांकी भरत आली नसेल, तर उभा चढ उलट्या गतीनें चढावा लागे. स्थूल चालकांसाठीं दुमडतें स्टिअरिंग बाजारांत मिळे. उंच माणसाला त्याचा उपयोग चढतांउतरतांनाच.

डॉज बंधूंची १९१४ ची गाडी ११० इंचांची व ३५ अश्वशक्तीची. पण तिची पेटी पोलादी, तींत फेरफार करणें जिकिरीचें. त्या मानानें १९२८ ची शेव्हरोले बरी. जनरल मोटर्सनें त्याच वर्षीं मुंबईस शिवडी येथें मोटारींच्या जोडणीस आरंभ केला. या गाडीचें अंतर १०७ इंच, चारी चाकांना ब्रेक आणि पेटीचा सांगाडा लांकडी. कुशल सुतारास पुढची बैठक दोनतीन इंच मागें सारतां येते. मूळ रूपाचे अभिमानी यावर रागावतील. जुने खिळेपट्ट्या जपून ठेवाव्या, म्हणजे झालें.

सौदा ठरण्यापूर्वीं पायांत नेहमींचे जोडे घालून त्या गाडींत अर्धा तास बसावें. चाक दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून, उजवा पाय वीस वेळां ब्रेकवर नेऊन पाहावा.