इत्सुकुशिमा : जिथे जन्मालाही मज्जाव आणि मृत्यूलाही

१/८ जपानमधील हिरोशिमाजवळचे इत्सुकुशिमा बेट 'मियाजिमा', म्हणजेच देवालयाचे बेट, म्हणून ओळखले जाते. मियाजिमागुची धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे जायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या पर्यटकाला पहिला प्रश्न पडतो : मंदिर पाण्यात का?

२/८ कारण येथे बेट हेच दैवत मानले गेले. त्या पवित्र भूमीला धक्का न लावता मंदिर भरतीच्या पट्ट्यात उभारले, अशी श्रद्धा आहे. परंपरेनुसार त्याची स्थापना इ.स. ५९३ मधली.

३/८ त्याला आजचे भव्य रूप दिले ताइरा नो कियोमोरी या सामुराई सत्ताधीशाने, ११६८ च्या सुमारास. चीनशी चालणारा त्याचा व्यापार याच समुद्रातून होई. सागराच्या देवींची कृपा त्याला हवी होती, ती उगीच नव्हे.

४/८ ११६४ मध्ये त्याच्या घराण्याने येथे अर्पण केलेले ग्रंथ मात्र बौद्ध सूत्रांचे होते. त्या काळी देव आणि बुद्ध एकत्र नांदत. येथील देवीला बेन्झाइतेनचे, म्हणजे आपल्या सरस्वतीचे, रूप मानले जाई. १८६८ नंतर मेइजी शासनाने दोन्ही धर्म वेगळे केले, आणि बेन्झाइतेनची मूर्ती शेजारच्या दाइगान्जी मंदिरात गेली.

५/८ बेटाचे पावित्र्य जपण्यासाठी कठोर नियम होता : येथे कोणी जन्मू नये, कोणी मरू नये. गर्भवतींना प्रसूतीपूर्वी आणि मृतांना अंत्यविधीसाठी पलीकडच्या किनाऱ्यावर नेत.

६/८ मग १५५५ साल उजाडले. मोरी मोतोनारीने याच बेटावर किल्ला बांधून सुए हारुकाताच्या मोठ्या सैन्याला आमिष दाखविले. वादळी रात्री समुद्र ओलांडून त्याने पहाटे हल्ला चढविला. पराभूत हारुकाताने बेटावरच आत्महत्या केली.

७/८ विजयानंतर मोतोनारीने प्रेते बेटाबाहेर हलविली, मंदिर धुवून काढले, रक्ताने भिजलेली मातीही खरवडून टाकली, असे सांगतात. नियम मोडणाऱ्यालाच नियमाची सर्वाधिक गरज भासली. कारण विटाळलेल्या देवळाचा आशीर्वाद सत्तेच्या उपयोगाचा नव्हता. आज दिसणारा मुख्य गाभारा त्यानेच १५७१ मध्ये पुन्हा बांधविला.

८/८ समुद्रातील तोरी, म्हणजे महाद्वार, १८७५ चे आहे. सुमारे १६ मीटर उंचीच्या या कमानीचे खांब तळात रोवलेले नाहीत. ती स्वतःच्या भारावर उभी आहे, आणि तो भार वाढविण्यासाठी माथ्यावरच्या पोकळीत दगड भरले आहेत. १९९६ पासून हे मंदिर जागतिक वारसा आहे. बेटावर आजही लोक राहतात. स्मशानभूमी मात्र नाही.