कोयीला न जमलेली नक्कल

हापूसची कोय परसात पुरली तर झाड येतं, आंबेही धरतात. पण ते हापूसच निघतील याची हमी रत्नागिरीत कोणी देत नाही. मोहोरावर माशीने कुठल्या झाडाचे परागकण आणून टाकले, कोणास ठाऊक! अशा कोयीच्या झाडांची गणना रायवळात. बागेतला हापूस मात्र कुणीतरी हाताने बांधलेला असतो.

आंब्याची कलमं बांधण्याची विद्या पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रुजली आणि किनाऱ्याने वर सरकली. जुनी रीत भेटकलमाची. रायवळाचं रोप कुंडीसकट हापूसच्या फांदीपाशी न्यायचं, गरज पडली तर मचाण घालून. दोघांची साल तासून जखमेला जखम भिडवायची, घट्ट बांधायचं आणि दोन-तीन महिने पाणी घालत राहायचं. सांधा जमला की फांदी आईपासून तोडायची. फांद्या पोहोचतील तितकीच कलमं!

१९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झालं आणि तिथे कोयकलमाची रीत बसवली गेली. पावसाळ्यात रुजलेल्या कोयीचा, पानं अजून तांबूस असतानाच, शेंडा छाटायचा आणि हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची. आता रोपाने झाडाकडे जायला नको. काडीच रोपाकडे येते. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा मागणी पुरवायला हीच रीत कामी आली.

हापूसची ही अडचण यंत्रांच्या एका जुन्या प्रश्नाशी जुळते. यंत्राला स्वतःसारखं यंत्र घडवता येईल का, हा प्रश्न गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९४८ साली पासाडेनाच्या परिषदेत मांडला. त्याच्या मते अशा यंत्राजवळ स्वतःचा आराखडा हवा, तो वाचून जोडणी करणारा भाग हवा आणि त्याच आराखड्याची प्रत काढून पिल्लाच्या हवाली करणारा भागही हवा. हापूस अडतो तो या शेवटच्या कामाशी: कोयीत आराखडा जातो, पण परक्याच्या आराखड्यात मिसळून. काडीत तो शाबूत असतो, पण काडीला मुळं नाहीत. ती रायवळ देतो, गाठ माळी मारतो. केरळच्या ओलूर आंब्याला माळी लागत नाही. त्याच्या एकाच कोयीतून अनेक कोंब फुटतात आणि त्यांतले बहुतेक आईची हुबेहूब प्रत असतात.

नकलेबरोबर खोडही उतरते. हापूसच्या गरातला साका हा दोष १९३४ मध्येच चीमा आणि दाणी या संशोधकांनी नोंदवला होता. कलम कितीही निगुतीने बांधलं तरी तो धोका सोबत येतोच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली आलेल्या 'रत्ना'त साका होत नाही. पण रत्ना वाढवायचा तरी कलमच बांधावं लागतं.