वेग वाढला, रफार गेला

२००५-०६ च्या सुमारास ठाण्यातल्या वर्तकनगरात लिनक्स आला तो दोन वाटांनी. एक ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीतून, दुसरी पोस्टानं फुकट येणाऱ्या उबुंटूच्या पाकिटातून. मी तेव्हा म्हाडाच्या एका इमारतीत तळमजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमधली मशीनं सांभाळायचो. जुनी सेलेरॉन, १२८ नाहीतर २५६ एमबी रॅम, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेली. पोरांची तक्रार ठरलेली: “सर, मशीन हँग झालं.” हँग क्वचितच व्हायचं, स्लो मात्र रोज.

खापर आधी रॅमवर फुटायचं, आणि पुष्कळदा ते खरंही असे. ग्नोम डेस्कटॉपवर ओपनऑफिस उघडलं की ‘फ्री’ कमांडमध्ये स्वॅपचा आकडा चढायला लागे. तिथं ग्नोमऐवजी हलकं एक्सएफसीई टाकायचं, विषय संपला.

पण भारनियमनाच्या दिवसांत वेगळंच दुखणं दिसायचं. वीज आली की सगळी मशीनं एकदम सुरू, आणि पाचेक मिनिटांनी प्रत्येकाचा हार्डडिस्कचा लाल दिवा लागून राहायचा. मशीन बंद असताना राहून गेलेली रोजची कामं अ‍ॅनाक्रॉन काढायचा. त्यातलं ‘अपडेटडीबी’ फाइलींची यादी करायला अख्खी डिस्क पिंजून काढायचं. ‘टॉप’ कमांड लावून बघावं तर प्रोसेसर रिकामाच, नुसता डिस्कची वाट बघत बसलेला. दोष ना रॅमचा, ना ग्नोमचा. ते काम रात्रीऐवजी दुपारच्या सुट्टीत लावलं की भागायचं.

खरा किस्सा ब्राउझरचा. त्या काळी लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत फायरफॉक्स ‘पँगो’ जोडून यायचा. पँगो ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी. रेड हॅटच्या ओवेन टेलरनं उभी केलेली. २००२ च्या जीटीके २ पासून ग्नोममधला मजकूर तिच्याच हातून पडद्यावर येई. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की झालं. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न्यावी लागते, रफार पुढच्या अक्षरावर चढवावा लागतो, जोडाक्षर घडवावं लागतं. ही सगळी उठाठेव तेव्हा वेळखाऊ होती, आणि इंग्रजी पानांनाही तिच्यातूनच जावं लागे. म्हणून जगभर एक तोडगा पसरला: ‘मोझ_डिसेबल_पँगो=१’. एवढी एक ओळ टाकली की जुन्या मशीनवरही पानं भराभर सरकायची.

आमच्याकडे ती ओळ आली तेव्हा पोरं खूश. मग कुणीतरी मराठी विकिपीडिया उघडला. ‘वर्तकनगर’मधला रफार खाली उतरून हलन्त र झालेला, ‘स्थिती’चा स सुटा, आणि पहिली वेलांटी थ च्या नंतर पडलेली. तोडगा सांगणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला देवनागरी वाचायचीच नव्हती. पण इकडे जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतल्या ‘इंडिक्स’ प्रकल्पाच्या आणि ‘इंडलिनक्स’च्या मंडळींनी लिनक्सवर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात म्हणून राबावं, आणि वेगापायी आपण एका ओळीत ते बंद करून मोकळं व्हावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. मी पॅनेलवर फायरफॉक्सचे दोन आयकॉन ठेवले: एक वेगाचा, एक मराठीचा. मराठी आयकॉन वापरणारे थोडे होते, पण होते.

जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला, चित्रणाची यंत्रणाच बदलली आणि ही ओढाताण मागे पडली. आता दुखणी निराळी आहेत. केडीईत ‘बालू’ आणि ग्नोममध्ये ‘लोकलसर्च’ (पूर्वीचा ‘ट्रॅकर’) फाइलींच्या सूची करत बसतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसेल तर ‘एलएलव्हीएमपाइप’ सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतं, आणि खिडकी हलवली तरी पंखा घोंगावतो. तोडगे आजही आयते मिळतात, आणि पुष्कळसे रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचेच. तेव्हा आधी ‘टॉप’ बघा, मग तोडगा लावा. आणि लावल्यावर जोडाक्षरांनी भरलेलं एखादं मराठी पान उघडून वाचल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका.