कोमेंदा दी प्रे, जेनोआ

इटलीतील जेनोआ शहराच्या बंदरालगत असलेली हॉस्पिटलर या लढाऊ धर्मसंघाची जुनी मालमत्ता. तिची स्थापना ११८० मध्ये झाली. संघ लढवय्यांचा, तेव्हा ही शहररक्षणाची चौकी असणार, असे सहज वाटते. जागा आणि बांधणी मात्र वेगळे सांगतात. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या धास्तीने ११५५ नंतर जेनोआकरांनी घाईने तट उभारला. त्याचा वाक्का दरवाजा जवळच होता, तरी कोमेंदा तटाबाहेर वसली. एकावर एक रचलेली दोन चर्च आणि त्यांना लागून धर्मशाळा व रुग्णालय, हा तिचा सारा पसारा. पवित्र भूमीकडे निघालेल्यांना जहाज मिळेपर्यंत मुक्काम हवा होता, परतणाऱ्या आजाऱ्यांना शुश्रूषा. दोन्हींसाठी बंदराचा काठच सोयीचा.

१४व्या शतकातील नव्या तटाने कोमेंदेला आत घेतले, म्हणजे तिला लष्करी मोल होते, असा आक्षेप येऊ शकतो. पण तो तट वाढलेल्या वस्तीला कवेत घेणारा होता आणि कोमेंदेचे काम त्याआधी शतकाहून अधिक काळ त्याच्याविना चाललेच होते. संघाची तलवार पूर्वेकडे चालत होती. जेनोआत त्याने चालवल्या त्या खाटा आणि चुली. २०२२ पासून या वास्तूत इटालियन स्थलांतराचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.