घंटेची दोरी कुणाच्या हाती?

आपल्याकडे देवळात शिरताना जो तो आपल्या हाताने घंटा वाजवतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या कितीतरी घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या आणि त्यांनाही हीच सवय लागली. इंग्लंडमधल्या चर्चची तऱ्हा मात्र निराळी. तिथे घंटानाद हे शिकून घ्यायचं कसब आहे. आणि गंमत अशी, की हे कसब माणसाच्या हातून काढून घेणारं एक गाजलेलं यंत्र बनवलं ते एका पाद्रीसाहेबांनीच.

आधी तिथली रीत सांगतो. मनोऱ्यात सहा किंवा आठ घंटा असतात. प्रत्येक घंटेला एक मोठं चाक, चाकावर दोरी आणि दोरीला एक माणूस. दोरी ओढली की घंटा पूर्ण गिरकी घेते, तोंड वर करून क्षणभर थांबते आणि एका गिरकीत एकच टोला देते. यात गाण्याची चाल नसते. टोल्यांचा क्रम तेवढा बदलत जातो. सात घंटांचे असे ५,०४० क्रम होतात, आठ घंटांचे ४०,३२०. १९६३ साली लाफबरो इथल्या घंटांच्या कारखान्यात आठ जणांनी हे सगळे क्रम बदली न घेता वाजवले. जवळजवळ अठरा तास लागले.

एवढं कसब ज्यांच्या हातात, ते स्वतःला मनोऱ्याचे मालक समजू लागले तर नवल काय! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची कीर्ती काही बरी नव्हती. वर बिअरचे घडे भरलेले असायचे. जो पैसे मोजेल त्याच्यासाठी घंटा वाजायच्या. आणि खाली प्रार्थना सुरू झाली की वरची मंडळी घरी!

ब्रिस्टल आणि बाथ यांच्या मधल्या बिटन गावचे पाद्री हेन्री थॉमस एलाकोम यांना हे खपेना. हे गृहस्थ धर्मसेवेत येण्याआधी चॅटमच्या गोदीत ब्रुनेल यांच्या हाताखाली इंजिनिअरिंगचं काम शिकले होते. १८२१ साली त्यांनी तोच हात मनोऱ्यात चालवला. प्रत्येक घंटेच्या आत खालून एक हातोडी बसवली आणि सगळ्या हातोड्यांच्या दोऱ्या खाली भिंतीवरच्या एका चौकटीत ताणून बांधल्या. आता घंटा जागची हलायची नाही. दोरी ओढली की हातोडीच टोला द्यायची. आठ माणसांचं काम एकटा माणूस करू लागला. भांडणच मिटलं!

पण घंटेचा आवाज उणावला. गिरकी घेणाऱ्या घंटेचा भरदार नाद टांगलेल्या घंटेला येत नाही. पुढे कितीतरी मनोऱ्यांतून ही चौकट काढून टाकली गेली. एलाकोम घंटांचे वैरी होते असं मात्र मला वाटत नाही. डेव्हन परगण्यातल्या चर्चच्या घंटांवर त्यांनी १८७२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं वैर होतं ते दोरी धरणाऱ्यांशी.

आता तर विजेची हातोडी आणि वेळ लावून ठेवलेलं घड्याळ एवढ्यावर भागतं. जिथे दोरी ओढायला माणूसच उरला नाही, तिथे ही सोय वाईट कशी म्हणावी? आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्ये तर दोरी ओढणारे कधी नव्हतेच. १८७८ साली पुरा झालेला हा मनोरा चर्चचा नव्हे, विद्यापीठाचा. तिथे सोळा घंटांवर इंग्रजी चाली वाजत. आमच्या मशिदींत लाउडस्पीकर आला, तरी बांग द्यायला पहाटे माणूस उठतोच. त्यामुळे या प्रश्नाकडे मी जरा कान देऊन पाहतो, इतकंच.

इंग्लंडमध्ये ते दोरीवाले मात्र संपले नाहीत. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातले सुमारे १,४०० जण मारले गेले. युद्ध थांबल्याला शंभर वर्षं होत आली, तेव्हा तेवढेच नवे वादक तयार करायचं तिथल्या मंडळींनी ठरवलं. त्याहून कितीतरी जास्त लोक शिकायला आले, त्यांत बायकाही होत्या. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी देशभरच्या मनोऱ्यांत घंटा घुमल्या, तेव्हा यांतल्या अनेकांच्या हातात दोरी होती.