मजुराच्या दुखण्याची दाद

१८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज केला. त्यातली साप्ताहिक सुट्टी सर्वांच्या लक्षात राहिली. आम्हां युनियनवाल्यांना मात्र दुसरे एक कलम अधिक मोलाचे वाटते. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची तजवीज व्हावी! दिवसभर साच्यावर राबून रात्री अंगठे गोळा करणाऱ्यांचे हे मागणे. त्यानंतर ६४ वर्षांनी, १९४८ साली, कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. पण तोही प्रामुख्याने कारखान्याच्या फाटकाच्या आतला.

आमच्या यवतमाळच्या कपाशीला फाटक कुठले? २०१७ च्या हंगामात ती पुरुषभर वाढली. पाठीवर पंप घेऊन फवारताना तुषार थेट तोंडावर येत. (त्या विषाला आम्ही सारे ‘औषध’च म्हणतो, हेही एक नवलच.) मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. जिल्ह्यात शेकडो माणसे दवाखान्यात गेली, वीसहून अधिक दगावली. काही विषांचा परिणाम रक्तातील कोलिनेस्टरेज तपासल्याने कळतो. त्या तपासणीची उणीव तेव्हा चांगलीच जाणवली. मृतांच्या कुटुंबांना सरकारने २ लाख रुपये जाहीर केले. पण जो वाचला आणि ज्याची नजर अधू झाली, त्याचे काय?

आम्ही संध्याकाळी गावोगाव फिरलो तेव्हा पहिली अडचण निघाली ती कागदाची. डबा मालकाच्या घरी, त्यावरचे नाव मजुराला ठाऊक नाही, दवाखान्याची चिठ्ठी पावसात भिजलेली. जबाब लिहून घ्यायचा म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून कंदिलापाशी, जेवणे आटोपल्यावर बसावे लागे. एका बाईने नवऱ्याची चिठ्ठी साखरेच्या डब्यात जपली होती. डबा रिकामाच होता.

पुढे बाधितांनी आपली संघटना उभी केली. १७ सप्टेंबर २०२० रोजी इतर संस्थांसह तिने यवतमाळच्या ५१ कुटुंबांसाठी स्वित्झर्लंडच्या सरकारी तक्रारकेंद्राकडे दाद मागितली. दोन विधवा व एक बचावलेला शेतकरी यांनी तर बाझलच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. यवतमाळहून कोर्टकचेरीसाठी नागपूर गाठणेही ज्यांना जड, ती ही माणसे.